देवाचं भय कामाच्या जागी कसं दिसतं? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

होटगीरोडकर

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या बुधवारच्या शास्त्र अभ्यासात सध्या बायबलमधलं लेवीय हे पुस्तक चालू आहे. (चालू आहे म्हणजे रेटतोय. यज्ञांचे अध्याय संपता संपत नव्हते.) 19व्या अध्यायात मात्र सगळेच थांबलो. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत ठेच लागेल असं काही ठेवू नको, आणि लगेच पुढे: आपल्या देवाचं भय धर. पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा, तिथेही तेच. 25व्या अध्यायात गरीब भावाकडून व्याज घेऊ नको, चाकराला जाचू नको, तिथेही तेच. या सगळ्या ठिकाणी समोरचा माणूस आपलं काही वाकडं करू शकत नाही. बहिऱ्याला शिवी ऐकू जात नाही, आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही.

लहानपणी देवाचं भय म्हणजे नरकाची आग आणि आजीची छडी एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून विचारतोय. बरं झाल्याच्या, नोकरी लागल्याच्या साक्षी रविवारी ऐकतोच, त्या इथे नकोत. कोणाची आत्मिक वाढ किती झाली हे त्याच्या प्रार्थनेच्या लांबीवरून मला तरी कळत नाही. जिथे कोणी पकडणार नव्हतं तिथे तुमच्या घरी, दुकानात, कामावर काय झालं ते लिहा. नाव-पत्ता नको. उपदेश तर नकोच.

धोटाकांडी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटा कारखाना आहे, थोडेच माग. वडील दुसऱ्याच्या मागावर होते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं, हे इथे सगळ्यांना माहीत असेल. एक व्यापारी बाहेरून आलेला स्वस्त माल घेऊन आला. म्हणाला, फक्त तुमचं लेबल लावा, गिऱ्हाईकाला काय कळतंय? खरंच कळत नाही. दिल्लीत चादर घेणारा माणूस सोलापूरला विचारायला येणार नाही. मी नाही म्हणालो. साक्षीत यानंतर दुप्पट ऑर्डर येते, माझ्याकडे आली नाही. हिवाळाभर दोन माग बंद होते आणि बायकोचे टोमणे चालू होते.

पण तुम्ही व्याजाचं लिहिलंय म्हणून खरी गोष्ट सांगतो. मागावरचा कामगार लग्नाला, आजारपणाला उचल घेतो. तिचा हिशोब मालकाच्या वहीत. किती फिटली, किती राहिली, मालक सांगेल ते खरं. माझे बरेच कामगार तेलुगू बोलणारे, मराठी आकडेमोड वाचायची म्हटली की मान डोलावतात आणि अंगठा देतात. वडिलांनी असे पुष्कळ अंगठे दिले होते. म्हणून मी प्रत्येकाला वेगळी वही दिली, त्याच्याच घरी राहणारी, तेलुगूतही लिहिलेली. शाळेत जाणारी पोरगी रात्री बापाला वाचून दाखवते. चूक निघाली तर सकाळी तीच पोरगी दारात हजर. उचलीवर व्याज नाही. बाकी मी काही फार मोठा भक्त नाही, उपासनेला उशिराच पोचतो.

रात्रपाळी

मी सिस्टर आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही. शुद्धीवर नसलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, नाहीतर पाठीला, माकडहाडापाशी बेडसोर होतात. कूस बदलली की चार्टवर वेळ लिहून सही. आता पहाटे तीनला, एका वॉर्डात इतके पेशंट आणि आम्ही दोघी, तेव्हा सही कूस न बदलताही करता येते. पेशंट तक्रार करत नाही. नातेवाईक बाहेर झोपलेले. जखम दिसायला लागेपर्यंत ड्युटी बदललेली असते, कोणाच्या पाळीत झालं ते कोण शोधणार?

बहिऱ्याला शिवी देऊ नको हे वचन मी तिथेच शिकले म्हणा. हात लावण्याआधी मी पेशंटला सांगते, "आजोबा, डाव्या कुशीवर घेतेय हं." ऐकू जात असेल की नाही, देव जाणे. माझ्या जोडीची सिस्टर मुसलमान आहे. ती खुदाचं नाव घेते, मी प्रभूचं, आणि पेशंटच्या खालची ड्रॉशीट (आडवी चादर) दोघी मिळून ओढतो.

जुळेसोलापूर_पोर

मला हे सगळं वाचून थोडी धडकीच भरली. आमच्या घरी "देव बघतोय" हे वाक्य मोठ्याने हसलं तरी यायचं. कॉलेजात असताना मी प्रार्थनाच सोडली होती. 1 योहान 4:18 मध्ये पूर्ण प्रीती भीती घालवून देते असं म्हटलंय ना? मग पुन्हा भय कशाला? कुणाला उद्धट वाटलं तर माफ करा.

निवृत्त_गुरुजी

बाळ, उद्धट मुळीच नाही. स्तोत्र 130 काढून चौथी ओवी वाच. तिथे स्तोत्रकर्ता म्हणतो की देवाजवळ क्षमा आहे, म्हणून लोक त्याचं भय धरतात. शिक्षेचं नावसुद्धा नाही. मी कितीतरी वर्षं हे वाचत होतो आणि मनात उलटं लावत होतो.

कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. अभंग लिहिताना त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्यांच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत, सोवळंओवळं सुटायला त्यांना वर्षं लागली. तुझ्या घरच्यांनी घाई केली एवढंच. तू तुझा वेळ घे.

सातरस्ता

माझं छोटंसंच. सोलापुरात नळाला किती दिवसांआड पाणी येतं ते नव्याने सांगायला नको. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी नळाला थेट मोटर जोडलीय. ज्याची मोटर तो ओढतो, आणि गल्लीच्या टोकाला विडी वळणाऱ्या बायकांची घरं आहेत तिथे नुसती हवा येते. कोणी ओढलं ते त्यांना कधीच कळत नाही. आम्ही मोटर जोडत नाही. हौद अर्धाच भरतो. सूनबाईचं म्हणणं, "आई, तुमचं देवाचं भय, आणि बादल्या मी उचलायच्या!" तिचंही बरोबर आहे. आता पाण्याच्या दिवशी मुलगा उठतो.

हुतात्मा_एक्स्प्रेस

पिकल्या केसांपुढे उभं राहण्याचं वचन पुण्याच्या गाडीत पाळून पाहा. कुर्डुवाडीला उठलात की पुण्यापर्यंत उभे. 😄 गंमत सोडा. धोटाकांडी दादा, एक विचारायचं होतं. उचल घेऊन कामगार पळून गेला तर? माझ्या काकांचा याच कारणाने सगळ्यांवरचा विश्वास उडालाय.

धोटाकांडी

गेला ना एकजण. रक्कम मोठी होती, फोनही बंद. त्याचा भाऊ अजून माझ्याकडेच आहे. मुकादम म्हणाला, भावाच्या पगारातून कापा. भावाने घेतलीच नव्हती, त्याच्या वहीत कशी लिहू? नवीन माणसाला आता उचल थोडी कमी देतो, ते मात्र खरं. काकांना म्हणावं, कधी कारखान्यावर या, वह्या दाखवतो.