ड्रायव्हरचं दार मिटलं की काचा बंद, उघडलं की चालू: डोअर पॅड काढू का?

मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष घाला.

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, चारही दारांना पॉवर विंडो. राहायला चोडणला, नोकरी पणजीत, म्हणजे रोज रायबंदरची फेरीबोट. दुखणं असं: ड्रायव्हरचं दार पूर्ण मिटलं की चारही काचा ठप्प, सेंट्रल लॉकही लागत नाही. दार वीतभर उघडलं की सगळं चालू, काच सरसर वर जाते. त्या दारातला स्पीकर मध्येच खरखरतो आणि गप्प होतो. फ्यूज पाहिले, शाबूत आहेत. परवा फेरीबोटीत काच खाली घेतली, ती धक्क्यावर उतरताना वर येईना. पाऊस धो धो, मागे हॉर्नचा गजर, आणि मी दार उघडं धरून काच वर घेतोय. बघणाऱ्यांची फुकट करमणूक झाली.

एका वायरिंगवाल्याला दाखवली. बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, मास्टर स्विच (ड्रायव्हरच्या दारातला, चारही काचांचा) गेला, मोटरही गेली, दोन्ही बदलू. मला पटत नाही. स्विच नि मोटर दोन्ही दारातच बसलेत, दाराबरोबरच फिरतात. दार उघडं की मिटलेलं याने त्यांना काय फरक पडणार? उघडमीट करताना वाकतं ते एकच, दार आणि ते ज्याला बिजागरीने लटकतं तो खांब यांच्यामधलं घडीदार रबर आणि त्यातली वायरींची मोळी.

पण एक कोडं आहे. आर्मरेस्टवरची स्विचची पट्टी उचकटून कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मल्टिमीटर लावला, तर दार मिटलेलं असतानाही १२.३ व्होल्ट दाखवतो. करंट येतोय, मग काच का हलत नाही?

दुसरं, पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढावाच लागला तर आतला प्लास्टिकचा कागद न फाटता कसा सोडवायचा? पावसाळ्यात तोच फाटला तर पायाखाली तळं होतं असं ऐकलंय. चवथीला सामान आणि माणसं भरून पेडण्याला जायचं आहे, त्याआधी उरकायला हवं.

प्रतिसाद: वायरमन फोंडा

तुमचा तर्क बरोबर आहे, स्विच-मोटरीला तूर्त हात लावू नका. पॅडलाही नको.

मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. मोटरीला लागतात काही अँपिअर. तेवढे त्या एका तारेतून जात नाहीत, व्होल्टेज तिथेच पडतं. म्हणून तपासायचं ते लोड टाकून. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा, झाला टेस्ट लॅम्प. पावणेदोन अँपिअर खातो, एवढं पुरे.

चावी ऑन करून बल्बची एक वायर कपलरच्या पॉझिटिव्हला, दुसरी गाडीच्या उघड्या लोखंडाला. दुसऱ्या माणसाला दार सावकाश उघडमीट करायला सांगा. बल्ब मंद झाला तर पॉझिटिव्ह तुटलीय. मग उलट करा: एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ओढून आणा, दुसरी कपलरच्या अर्थला (निगेटिव्ह वायरीला). माझा अंदाज अर्थ. चारही काचा आणि लॉक एकदम जातात तेव्हा बहुतेक तीच जाडी काळी वायर निघते. स्पीकरची वायर वेगळी, पण त्याच रबरात वाकून वाकून गेली असणार.

पिवळ्या कपलरला मात्र बल्ब किंवा मीटर काहीच लावायचं नाही. ती एअरबॅगची लाइन.

प्रतिसाद: डिचोलीकर

वरच्यांशी सहमत. तरी पॅड काढायची वेळ येईलच, कारण वायर बदलायला दाराच्या आत हात गेला पाहिजे.

आधी दार उघडं ठेवून काच पूर्ण वर घ्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्क्रू दडवलेले असतात: आतल्या हँडलच्या वाटीत झाकणाखाली एक, ओढायच्या मुठीत एक-दोन. आरशामागचा तिकोनी तुकडा बहुतेक गाड्यांत नुसता ओढून निघतो. स्क्रू राहिला असताना जोर लावलात की पॅडच चिरतो. त्यानंतर खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकची पट्टी घालून क्लिपा एकेक सोडवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर नको, रंग जातो. सगळ्या सुटल्या की पॅड सरळ बाहेर न ओढता वर उचला, काचेच्या फटीत त्याचा काठ अडकलेला असतो. वायरींवर लोंबकळत ठेवू नका. लॉकची केबल आणि कपलर सोडवून बाजूला ठेवा.

कागदाचं म्हणाल तर तो काळ्या चिकट डिंकावर बसलेला असतो. ओढायचा नाही. पातळ सुरी डिंकाच्या मधून फिरवायची, म्हणजे थोडा डिंक कागदाला, थोडा पत्र्याला राहतो आणि परत दाबला की धरतो. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर जायचं असतं. आमच्याकडे खाणीची लाल माती त्या भोकांत बसते आणि दार चालवताना पाणी खळखळतं. पॅड उघडलाच आहे तर तारेने भोकं साफ करून घ्या.

धागाकर्ता

देव बरें करूं, दोघांचंही! बल्ब पॉझिटिव्हवर लख्ख, अर्थवर दार मिटताना विझला. रबर दाराच्या बाजूने सोडवून मागे सरकवलं तर जाडी काळी वायर जवळजवळ पूर्ण तुटलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं, फक्त दोन केसासारख्या तारा धरून होत्या. शेजारी स्पीकरच्या एका वायरीचं इन्सुलेशन चिरलेलं. पॅड काढलाय, कागद शाबूत आहे. आता जोड कसा मारू? पीळ मारून टेप?

प्रतिसाद: वायरमन फोंडा

टेप अजिबात नको. आपल्या उकाड्यात तिचा डिंक पाझरतो, महिन्याभरात सुटते. आणि रबराच्या आत जोडच नको, सोल्डरचा तर नाहीच. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि वाकली की तिथेच मोडते. हिरवं पडलेलं तांबं कापून टाका. तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचीक वायर घ्या, एक जोड दाराच्या आत, दुसरा खांबाच्या आत, मधला वाकणारा भाग अखंड. स्पीकरची वायरही तशीच. जोड एकाच जागी आणू नका, मागे-पुढे ठेवा, वर आतून डिंक असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). दार पूर्ण उघडून वायर ताणत नाही ना ते पाहा, मगच रबर बसवा. रबराचा काठ खोबणीत नीट बसला नाही तर पाणी त्याच वाटेने पायाशी येईल.

धागाकर्ता

झालं. दार मिटून चारही काचा चालतात, लॉकही लागतं, स्पीकर स्वच्छ. बॅटरी काढल्यामुळे ड्रायव्हरच्या काचेचं ऑटो (एकदा बटण दाबलं की काच आपोआप पूर्ण जाते ते) गेलं होतं, काच वर गेल्यावर बटण थोडा वेळ दाबून धरलं तेव्हा परत आलं. पॅडच्या काही क्लिपा मात्र काढताना मोडल्या, खड्ड्यात खडखड होते. म्हापशात मिळतील का?

प्रतिसाद: डिचोलीकर

कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याकडे. मोडलेली एक क्लिप सोबत न्या, भोकाचा व्यास जुळला पाहिजे. चार जास्तच घ्या.