मुलगी जपानला अकितात चाललीय, तिथल्या गावातली बातमी तिला कोण सांगणार?

केळीबाग_यावल
नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, केळीचा शेतकरी. मुलगी नर्सिंग झालेली, पुण्यात राहून जपानी शिकली, एन-फोर नावाची जपानी भाषेची परीक्षा पास झाली आणि आता म्हाताऱ्या लोकांची सेवा करायच्या नोकरीवर जपानला चालली, तिकडे त्याला कायगो म्हणतात. टोकियो नाही ओसाका नाही, उत्तरेला अकिता म्हणून प्रांत आहे त्यात योकोते नावाचं शहर, शहर म्हणायचं पण आपल्या अमळनेरएवढं असेल. एजन्सीवाल्याला विचारलं की गाव कसं आहे, तर म्हणे काका जपान म्हणजे एक नंबर, टेन्शन घेऊ नका. एवढंच. बाकी पगाराचा कागद आणि तिकीट.

तेवढ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी अस्वलाचा व्हिडिओ टाकला, अकिता लिहिलेलं होतं, अस्वल एका आजीबाईच्या दारात उभं. माझ्या आईने तो पाहिला आणि त्या रात्री ती जेवली नाही. म्हणे पोरीला कुठे धाडून राहिला तू. मला उत्तर देता आलं नाही हो.

इथे गावात काही झालं तर अर्ध्या तासात आपल्याला कळतं. वादळात बाग आडवी झाली, कोणाचं माणूस गेलं, लाइट कधी येणार, पारावर बसलं की सगळं समजतं. तिला तिथे कोण सांगणार? भूकंप आला, बर्फ पडला, अस्वल निघालं, तिला ती भाषा अजून अर्धीच येते. तिकडे राहिलेलं कोणी असेल तर खरं खरं सांगा, गोड नको.

पांझराकाठची_लेक
काका, मी साक्री तालुक्यातली. अकितात तीन वर्षं कायगोच केलं, योकोतेजवळच, आता धुळ्याला परत आलेय. आमच्या घरीबी तुमच्यासारखीच गत झाली होती म्हणून सविस्तर लिहिते.

अस्वलाचं आधी. खरं आहे ते, लपवत नाही. 2025 मध्ये तर अकितात इतकी अस्वलं वस्तीत आली की नोव्हेंबरात सैन्याचे जवान बोलवावे लागले, गोळ्या घालायला नाही, पिंजरे वाहायला आणि लावायला. डोंगरात बीच नावाच्या झाडाचं फळ कमी धरलं की अस्वलं खाली उतरतात, आणि खाली गावं रिकामी, परसातल्या काकीच्या झाडाला फळं तशीच लटकलेली, ती तोडायला घरात माणूस नाही. काकी म्हणजे आपल्याकडे हल्ली पर्सिमन म्हणून विकतात ते. पण तुमच्या आईंना सांगा की ग्रुपवर येणारे सगळे व्हिडिओ खरे नसतात, जपानातसुद्धा एआयने बनवलेले अस्वलाचे व्हिडिओ खूप फिरले आणि लोक फसले. अकिता सरकारचा अस्वलांचा नकाशा आहे इंटरनेटवर, कुमादासु नाव त्याचं, कुमा म्हणजे अस्वल. कुठे, किती वाजता, केवढं दिसलं ते टिंब लावून दाखवतात. पोरीने रोज तो बघावा, पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटीने पायी जाऊ नये, सायकलला घंटी बांधावी. आमच्या नर्सिंग होमवाल्यांनी शिफ्टला न्यायला गाडी पाठवायला सुरुवात केली होती, तिला जॉइन झाल्या झाल्या हे विचारायला सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सांगणार कोण. आमच्या वस्तीत खांबावर भोंगे होते, आपल्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखेच. रोज संध्याकाळी पाचला त्यावर लहान मुलांच्या गाण्याची धून वाजायची. मला वाटलं पोरांना घरी बोलवायला आहे, आणि आहेच तसं, पण ती रोज वाजवतात कारण भोंगा चालू आहे की नाही ते तपासलं जातं. भूकंप, पूर, अस्वल, कोणी म्हातारा घर विसरून हरवला, सगळं त्याच भोंग्यावर. पहिल्या महिन्यात मला एकच शब्द कळायचा, कुमा. तेवढा पुरला.

दुसरं म्हणजे काइरानबान. ही एक पाटी असते, क्लिपवाली, आमच्याकडची हिरवी होती आणि कडा झिजलेल्या. तिला कागद लावलेले, कचरा कोणत्या दिवशी, शाळेचा कार्यक्रम कधी, गटार साफ करायला कोणी यायचं, कोणाकडे माणूस गेलं. वरती घरांच्या नावांची यादी. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का किंवा सही, आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. मला वाटायचं मोबाइलच्या जमान्यात हे काय. मग एकदा थंडीत मी पाटी घेऊन शेजारच्या आजींकडे गेले, त्या 88 वर्षांच्या होत्या, एकट्या. बेल वाजवली, दार उघडलं नाही. दिवा लागलेला दिसत होता. मी वस्तीच्या प्रमुख काकांना बोलावलं, ते मागच्या दाराने गेले, तर आजी मोरीत पडलेल्या, खुबा मोडलेला. वाचल्या. काका, त्या पाटीवरच्या कागदात तेव्हा कचऱ्याचं नवं वेळापत्रक होतं फक्त, पण आजी दार उघडत नाहीत ही बातमी त्या पाटीनेच दिली. अकितात शंभरात जवळपास चाळीस माणसं 65 च्या वरची आहेत, 2017 सालीच प्रांताची लोकसंख्या दहा लाखांच्या खाली आली. अशा ठिकाणी पाटी नुसती बातमीची नसते.

आणि बर्फ. तुम्ही 45 डिग्रीत राहणारी माणसं, तुम्हाला कसं सांगू. योकोतेत माणूसभर उंच साचतो. रस्त्याच्या कडेला गटार असतं, त्याचं झाकण उघडून बर्फ त्यात लोटायचा, आतलं पाणी वाहून नेतं. पण सगळ्यांनी एकदम लोटला तर गटार तुंबतं आणि खालच्या घरात पाणी शिरतं, म्हणून वस्तीप्रमाणे वेळ ठरलेली असते. हे पाहून मला आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत आठवली, पाळीपाळीने पाणी वाटून घ्यायची. माझे आजोबा पाटकरी होते, पाण्याची पाळी कोणाची ते त्यांना तोंडपाठ. तिथेही एक तसेच आजोबा होते, गमबूट घालून सकाळी गटाराच्या कडेने फिरायचे, कोणाचं झाकण उघडं राहिलं ते बघायचे. मी त्यांना पाटकरी म्हणजे काय ते मोडक्या जपानीत समजावलं तेव्हा ते खूप वेळ हसले आणि दुसऱ्या दिवशी सफरचंदं घेऊन आले.

तिला सांगा पहिल्या आठवड्यात शेजारच्या तीन घरी जाऊन नाव सांगून यायचं, काहीतरी छोटं हातात देऊन. हे केलं की बातमी आपोआप घरी येते. बठ्ठं बराबर व्हई काका.

चोपडा_टू_कानाझावा
ताईंनी मस्त लिहिलंय. मी भूकंपाचं सांगतो कारण मी त्यात होतो. 1 जानेवारी 2024, नोतो, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा भाग. मी कानाझावात फॅक्टरीत आहे, त्या दिवशी सुट्टी, रूमवर खिचडी लावलेली. दुपारी चार वाजून दहा मिनिटं, आपल्याकडचे बारा चाळीस. आधी एक छोटा धक्का बसून गेला होता म्हणून आम्ही निवांत होतो, मग सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि मग जमीन. 7.6 चा होता. कुकर खाली, मी टेबलाखाली.

काका तुम्ही भाषेचं विचारलं ना, त्याचंच सांगतो. टीव्हीवर एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीची बाई अक्षरशः ओरडत होती, नेहमी त्या किती हळू बोलतात, आणि ती ओरडत होती की आत्ताच्या आत्ता पळा. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात, साध्या लिपीत, त्सुनामी, पळा. कांजी म्हणजे ती अवघड चिन्हं नाहीत काही नाही, पहिलीतल्या पोराला वाचता येईल असं. 1995 साली कोबेला भूकंप झाला तेव्हा परदेशी लोकांना सरकारी जपानी कळली नाही, त्यांचे फार हाल झाले, तिथून ही सोपी जपानी सुरू झाली. हिनान म्हणजे स्थलांतर असा अवघड शब्द वापरायचा नाही, निगेरु म्हणायचं, पळणे. तुमच्या पोरीला एन-फोर येतं म्हणजे निगेते आणि ताकाई तोकोरो हे दोन्ही कळणार, उंच जागी पळ. योकोते समुद्रापासून आत आहे म्हणून त्सुनामीची भीती तिला नाही, पण सुट्टीत समुद्रावर फिरायला जातील पोरी, तेव्हासाठी.

त्या संध्याकाळी नोतोतल्या वाजिमा गावाचा सकाळचा बाजार जळाला, 200 च्या वर घरं गेली. त्या बाजारात मी दोनदा गेलो होतो, म्हाताऱ्या बाया सुकी मासळी आणि भाजी घेऊन बसायच्या, आपल्या आठवडी बाजारासारख्याच पण रोज. जळाल्यावर त्याच बाया मार्चमध्ये आमच्या कानाझावात येऊन बसल्या, फिरता बाजार म्हणून. मी गेलो होतो. एका आजीकडून वाळवलेला मासा घेतला, मी खात नाही खरं तर, तरी घेतला. तिने सुट्टे पैसे देताना माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि दूरून आलास का विचारलं, मी इंडो, म्हणजे भारत, म्हणालो तर म्हणाली मीपण आता दूरूनच आलेय. सप्टेंबरमध्ये तिथेच परत महापूर आला. त्यांचं काय झालं असेल हे अजून मनात येतं.

तिच्या फोनमध्ये सेफ्टी टिप्स नावाचं ॲप टाकून द्या, इंग्रजीत सूचना येतात. आणि 171 नंबर पाठ करायला लावा, मोठ्या आपत्तीत फोन लागत नाही तेव्हा त्यावर आवाज रेकॉर्ड करून ठेवता येतो.

जळगावचा_छापखाना
मी वीस वर्षं जळगावात पेपरच्या छपाईत काढली म्हणून एक गोष्ट सांगतो. मियागी प्रांतात इशिनोमाकी म्हणून बंदर आहे, तिथे इशिनोमाकी हिबी नावाचा छोटा संध्याकाळचा पेपर निघतो, 1912 पासूनचा. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत त्यांच्या छापखान्यात पाणी शिरलं, लाइट नाही, मशीन बंद. तर त्या लोकांनी न भिजलेला कोरा कागद रोलवरून फाडला आणि मार्कर पेनने हाताने पेपर लिहिला. सहा दिवस. लिहिलेले कागद लोक आसरा घेऊन बसले होते तिथे भिंतीवर नेऊन लावले. पाणी कुठे मिळतं, मदत कुठपर्यंत आली, कोणता भाग बुडाला. पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की अचूक माहितीवरच हालचाल करा, या अर्थाचं. स्वतःची घरं गेलेली, घरच्यांचा पत्ता नाही, अशी माणसं ते लिहीत होती.

शाईचा वास ज्याच्या अंगाला आहे त्याला यातलं मोल कळतं. आमच्याकडे एकदा रात्री मशीन बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी अंक निघाला नव्हता आणि आम्हाला कोणाला सुचलंही नव्हतं की हाताने लिहून चौकात लावावं.

तर भाऊसाहेब, जिथे प्रांताप्रांताला असे पेपर आहेत तिथे पोर बातमीवाचून राहणार नाही. अकितात साकिगाके म्हणून पेपर आहे, 1874 पासून चालू. नर्सिंग होममधल्या आजोबांना तो रोज लागत असेलच, तिने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. भाषाही सुधारेल आणि चुकलेले शब्द आजोबा दुरुस्त करतील.

शहादा_ऊसवाला
आमच्याकडे उसात बिबट्या असतो, पोरं त्याच वाटेने शाळेत जातात. तुमच्या आईला हे सांगा. फरक एवढाच की आमच्याकडे बिबट्या दिसला तर ग्रुपवर पन्नास मेसेज येतात आणि कुठल्या शिवारात ते एकातही नसतं. असा नकाशा इथे कोणी बनवला तर मी रोज माहिती भरायला तयार आहे, कोणाला कॉम्प्युटर येत असेल तर खरंच सांगा, मनापासून बोलतोय.

केळीबाग_यावल
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. पाटीवाल्या आजीचं ऐकून आई म्हणे, म्हणजे पोरगी तिथे कोणाच्या तरी कामाची आहे. मग भाकरी खाल्ली तिने.

मुलीने कुमादासु मोबाइलवर उघडून दाखवला, योकोतेच्या आजूबाजूला टिंबं आहेत बरीच. घाबरलो, पण कळलं तरी. ताई दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तो पाचचा भोंगा म्हणजे आपल्याकडे दीड वाजता, बरोबर ना? आणि शेजारच्या तीन घरांना द्यायला काय पाठवू, केळीचे वेफर्स चालतील का? घरचेच आहेत.

पांझराकाठची_लेक
हो काका, दीड वाजता. वेफर्स चालतील, तिखट नको, साधे मिठाचे द्या, आणि लहान लहान पाकिटं करा, एकच मोठं नको. तेल कोणतं आणि आत काय आहे ते जपानीत लिहून चिकटवायला सांगा तिला, म्हातारी माणसं विचारतात.

फेब्रुवारीच्या मध्याला योकोतेत कामाकुरा नावाचा उत्सव असतो. बर्फाच्या झोपड्या करतात, आत पाण्याच्या देवाचा कोनाडा, आणि पोरं आत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात, या, देवाला नमस्कार करा, गरम आमाझाके प्या. तांदळाचं गोड पेय असतं ते. त्या रात्री तिला सुट्टी मागून ठेवायला सांगा आत्ताच, ऐन वेळी मिळत नाही. आणि गमबूट इथून घेऊन देऊ नका, इथले तिथल्या बर्फावर घसरतात, तिथेच घ्यायचे.