मदत हवी आहे: घरीच गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावतोय, बंपरच्या कोपऱ्याला कड उचलतेय

नमस्कार मंडळी. पूर्ण गाडीला पीपीएफ करून घेणं खिशाला झेपणारं नाही, म्हणून मार लागणाऱ्या जागाच घरी करायच्या ठरवल्यात: दाराच्या हँडलमागची खोबण, दारांच्या कडा आणि पुढचा बंपर. फिल्म टीपीयूची (लवचिक, ताणलं जाणारं प्लास्टिक), साधारण २०० मायक्रॉनची घेतलीय. पीव्हीसीची स्वस्तात मिळत होती, पण ती उन्हात लवकर पिवळी पडते, वळणावर नीट ताणलीही जात नाही.

खोबणी झकास बसल्या. पाण्यात बेबी शॅम्पूचे चार थेंब, सढळ फवारा, मग मधून बाहेर स्क्वीजी (पाणी काढायची रबरी पट्टी). घोडं अडलंय ते बंपरच्या कोपऱ्यात. तिथे वळण दोन्ही दिशांनी आहे. दाबून धरलं की बसते, हात काढला की कड हळूच वर. जास्त ताणलं तर चंदेरी रेघा उमटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून कडेला मारलं की पकड येते म्हणतात. तुम्ही प्रमाण किती ठेवता? की कोपऱ्यात सरळ काप देऊन जोड द्यावा? (जोड दिसेल, याची धास्ती आहे.)

गाडी मुलुंडला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते. एलबीएस रोडची धूळ क्ले बारने (रंगावरचा मळ ओढून घेणारी मातीसारखी वडी) पुसेपर्यंत पुन्हा बसते, वर हा दमटपणा. तळमजल्याचं पार्किंग कोणाकडून दिवसभरासाठी मागून घ्यावं का?

आणि डावा फेंडर नुकताच रंगवलाय. गॅरेजवाला म्हणतो आठवड्यात लावा. मला तरी महिनाभर थांबावंसं वाटतं, नाहीतर फिल्म काढताना रंगही सोलून यायचा. स्वतः लावलेल्यांनी सांगा.