‘फरशी’ परशूतली की फर्शातली?

काळापाषाण: घरातली जुनी शहाबादी काढून टाइल्स बसवतोय. गवंडी म्हणाला, ‘परशूने फोडायचे म्हणून फरशी.’ मला तर पटलं. फरशी कुऱ्हाड म्हणतोच की आपण! हा दगडही थराथराने सुटणारा. सांधीत पहार घातली की पापुद्रा निघावा तशी अख्खी लादी उचलून येते. दर वेळी फारसीच्या दारात कशाला जायचं?

बोळातला: गवंड्याचा हात चांगला असेल, व्युत्पत्ती कच्ची आहे. कुऱ्हाडीची फरशी परशूवरून, एवढं बरोबर. पायाखालची फरशी अरबी ‘फर्श’वरून, फारसीमार्गे आलेली. मूळ अर्थ अंथरणं. जाजमं अंथरणारा तो फरास, आणि पुण्याच्या फरासखान्यात काही कुऱ्हाडी ठेवत नसत. तंबू, बिछायती असत. ‘फरसबंदी’तला ‘बंदी’सुद्धा फारसीच.

काळापाषाण: मग सतरंजीला फरशी का नाही म्हणत? मराठीत फरशी म्हणजे दगड. विषय संपला.

भीमाकाठची: नाही संपला. मोझेकची फरशी काय खाणीतून निघते? आणि ‘फरशी पुसून घे’ म्हणताना कुणी दगडाची जात विचारतं का?
दगडाचं नाव ‘शहाबादी’ हे आहे. कलबुर्गीजवळच्या शहाबादवरून. तो गाळाचा, चुनखडक. म्हणूनच त्या भागात सिमेंटचे कारखाने. खात्री करायची तर काढलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून ठेवा, पांढुरका डाग पडेल. कडप्प्याच्या ओट्यावर पडतो तसाच. (कडप्पा काळा म्हणून त्याला आपला सह्याद्रीचा दगड समजणारे भेटतात. तोही चुनखडकच, आंध्रातला.) आपला काळा दगड लाव्ह्याचा. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसला तरी त्याच्या अशा पातळ लाद्या सुटत नाहीत, टाकीने घडवाव्या लागतात.

बोळातला: तेच तर! जुन्या वाड्यांचे फरसबंद चौक ह्याच घडीव काळ्या दगडाचे. थराचा दगड नसतानाही शब्द होताच. नाव अंथरण्याचं, दगडाचं नव्हे.

काळापाषाण: लिंबाचं करून पाहिलं, डाग पडला. चुनखडक मान्य. पण अंथरलेलं गुंडाळताही येतं ना? इथे तीन दिवस झाले, स्वयंपाकघरातल्या चार लाद्या हलायला तयार नाहीत. गवंडी आता खरोखरच कुऱ्हाड मागतोय.