लेव्हल कंट्रोलरच्या पेटीचे चार भाग एकाच फॅमिली मोल्डमध्ये घ्यावेत का?

प्रश्न | टाकी_नियंत्रक, भोसरी

नमस्कार. आम्ही पाण्याच्या टाकीसाठी लेव्हल कंट्रोलर बनवतो. आजवर बाजारातली तयार पेटी आणून, तिला भोके पाडून भागवले; आता स्वतःच्या मापाची पेटी करून घ्यायची आहे. तिचे चार भाग आहेत: तळ (१२० बाय ८० मिमी, ३८ ग्रॅम), झाकण (तेवढ्याच मापाचे, ३० ग्रॅम), टर्मिनलवरचे सरकते झाकण (८० बाय २५ मिमी, ६ ग्रॅम) आणि बटण (दीड ग्रॅम). चारही भाग एबीएस या प्लास्टिकचे आणि एकाच हस्तिदंती रंगाचे आहेत. भिंतींची जाडी सगळीकडे अडीच मिमी असली, तरी बटण भरीव असून ४ मिमी जाड आहे. वर्षाला साधारण १२,००० संच लागतील.

साचेवाल्यांनी दोन पर्याय दिले आहेत. एक, चार स्वतंत्र साचे. दुसरा, चारही भाग एकाच शॉटमध्ये (साच्यात एकदा प्लास्टिक भरण्यात) पडतील असा फॅमिली मोल्ड, ज्याचा खर्च चार साच्यांच्या निम्म्याहूनही कमी आहे. जॉबवर्क करणाऱ्यांकडे १२० टनांचे इंजेक्शन मोल्डिंग मशीन आहे. आमच्यासारख्या छोट्या उद्योगाला हा फरक मोठा वाटतो, परंतु पुढे पस्तावण्याची वेळ येऊ नये म्हणून अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर | कोअर_कॅव्हिटी, टूलरूम

आपण मापे आणि वजने दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येते. फॅमिली मोल्ड आपल्याला सोयीचा आहे. मात्र चारही भाग त्यात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण वजनांच्या तफावतीत आहे. एकाच स्प्रूतून (साच्याच्या मुख्य तोंडातून) निघालेला प्लास्टिकचा वितळलेला दाणा ३८ ग्रॅमच्या तळाकडे आणि दीड ग्रॅमच्या बटणाकडे एकाच वेळी निघतो. बटण क्षणात भरते. तळ मात्र अजून अर्धाही भरलेला नसतो. तळ पूर्ण भरावा म्हणून दाब वाढवला, की तो दाब आधीच भरलेल्या लहान भागांवर येतो, तिथे फ्लॅश (कडेने बाहेर येणारा पातळ पापुद्रा) सुटते आणि भाग कोअरला (साच्याच्या आतल्या गाभ्याला) चिकटून बसतो. दाब कमी केला, तर तळाचा कोपरा शॉर्ट, म्हणजे अपुरा भरलेला, राहतो. यावर उपाय म्हणून लहान भागांचे रनर (भागाकडे जाणाऱ्या वाटा) आणि गेट (भागात शिरण्याची तोंडे) बारीक ठेवतात. सहा मिमी व्यासाचा रनर पाच मिमीचा केला, तरी त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि प्रवाह त्याहूनही अधिक कमी होतो, त्यामुळे व्यासातल्या लहानशा बदलाचा परिणाम मोठा असतो. मात्र असा समतोल एका विशिष्ट तापमानाला आणि वेगालाच टिकतो. दाण्याचा लॉट बदलला आणि त्याची प्रवाहिता थोडी वेगळी निघाली, की तोच साचा पुन्हा रुसतो.

दुसरा मुद्दा टनेजचा, म्हणजे दाबाविरुद्ध साचा बंद धरायला लागणाऱ्या जोराचा. तळ ९६, झाकण ९६, सरकते झाकण २० आणि बटण सुमारे ४ चौरस सेंमी, त्यात रनरचे क्षेत्रफळ धरले, तर एकूण सुमारे २३० चौरस सेंमी होते. एबीएससाठी प्रति चौरस सेंमी अर्धा टन धरला, तर ११५ टन लागतात. म्हणजे १२० टनांच्या मशीनवर हाताशी काहीच उरत नाही. शिवाय जड भाग एका बाजूला गेले, तर दाबाचा मध्य मशीनच्या मध्याशी जुळत नाही, साचा एका कडेने किंचित उघडतो आणि फ्लॅश नेहमी त्याच कडेला दिसते.

तिसरी गोष्ट तुमच्या बटणाची. थंड होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अडीच मिमीच्या भिंतीच्या तुलनेत चार मिमीच्या भरीव बटणाला अडीच पटींहून अधिक वेळ लागेल, म्हणजे चारही भागांचा सायकल टाइम (एका शॉटला लागणारा वेळ) हे दीड ग्रॅमचे बटण ठरवेल. वर त्यावर सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खळगा) येईल तो वेगळाच. बटण आतून पोकळ करून त्याची भिंत दोन मिमीवर आणावी. साचे कितीही निघोत, हे करावेच लागेल.

उत्तर | दाणेवाला, जॉबवर्क

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मशीनवर उभे राहणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका ग्राहकाचा पाच भागांचा फॅमिली मोल्ड चालत असे. मोठ्या झाकणावर सिंक मार्क आला, की ते झाकण रिजेक्ट होई, पण त्या शॉटमधले उरलेले चार भाग चांगलेच असत. झाकणांची संख्या पुरी करण्यासाठी आणखी शॉट मारले, की लहान भाग पुन्हा तेवढेच वाढत. वर्षअखेरीस पोटमाळ्यावर लहान टोप्यांची पोती छताला टेकली होती आणि त्यातला दाणा, वीज, मजुरी सगळे तिथेच अडकून पडले होते. दुसरीकडे, झाकण भरण्यासाठी वाढवलेल्या दाबामुळे टोप्यांच्या कडेला कागदासारखी पातळ फ्लॅश सुटत असे आणि ती ब्लेडने कापायला दोन बाया दिवसभर बसत. साच्यात वाचलेला पैसा त्या ब्लेडपाशी हळूहळू खर्च झाला.

तळ आणि झाकण मात्र एकत्रच घ्यावेत, हे मी आग्रहाने सांगेन. हस्तिदंती रंगात मास्टरबॅचचा (दाण्यात मिसळायच्या रंगाचा) जरासा फरकही डोळ्यांना खुपतो, आणि एकाच शॉटमधून निघालेले दोन्ही भाग शेजारी ठेवले, तर रंग वेगळा वाटत नाही. आकुंचनाचेही तेच आहे. एबीएस ०.४ ते ०.७ टक्के आकसतो. दोन भागांच्या आकुंचनात ०.२ टक्क्यांचाही फरक पडला, तर १२० मिमी लांबीवर तो जवळपास पाव मिमी होतो. पेटी बंद केल्यावर सांध्यावरून नख फिरवले की ती पायरी लगेच लागते. तळ आणि झाकण वजनाने आणि जाडीने जवळचे असल्याने दोघांवर सारखा दाब राखणे सोपे जाईल, आणि ही पायरी टाळता येईल.

टाकी_नियंत्रक

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. ग्राहकांकडे सरकते झाकण वरचेवर हरवते, म्हणून सुटी झाकणे पाठवावी लागतात; ती संचांपेक्षा बरीच जास्त लागतील. चारही भागांचाच साचा केला आणि नको त्या भागांचा रनर बंद करण्याची सोय ठेवली, तर चालणार नाही का?

उत्तर | कोअर_कॅव्हिटी, टूलरूम

चालते, पण मर्यादेत. रनरच्या वाटेत गोल इन्सर्ट (वेगळा बसवलेला तुकडा) बसवून तो ॲलन कीने फिरवला, की त्या कॅव्हिटीची (भागाच्या पोकळीची) वाट बंद होते. आपल्याला मात्र नेमका सर्वांत जड भाग बंद ठेवून सहा ग्रॅमचा भाग काढायचा आहे. त्यासाठी ११५ टन जोर लागणारा साचा अडकवून ठेवायचा, शॉट साइज, वेग, होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर धरून ठेवायचा दाब) सगळे नव्याने लावायचे आणि संपूर्ण दाब एका कोपऱ्यात घ्यायचा, हे मला पटत नाही.

आपली गरज वर्षाला १२,००० शॉटची आहे. सायकल ४५ सेकंदांची धरली, तरी वर्षभराचे काम १५० तासांत होते. म्हणजे मशीनचा वेळ ही आपली अडचण नाहीच, आणि दुसरा साचा लावण्याने वेळेचा भार फारसा वाढत नाही. म्हणून तळ आणि झाकण यांचा एक दोन-कॅव्हिटी फॅमिली मोल्ड करावा. त्याला सुमारे १०० टन लागतील आणि १२० टनांच्या मशीनवर तो बसेल. सरकते झाकण आणि बटण यांचा दुसरा लहान साचा असावा, ज्यात झाकणाच्या दोन आणि बटणाची एक कॅव्हिटी घ्यावी. रनर बंद करणारा इन्सर्ट इथे, बटणाच्या वाटेवर, खरोखर उपयोगी पडेल, कारण तो फिरवला की सुटी झाकणे हवी तेवढी निघतील.

उत्तर | दाणेवाला, जॉबवर्क

साचा ताब्यात घेण्याआधी ट्रायलच्या वेळी स्वतः उभे राहा. होल्डिंग प्रेशर शून्य ठेवून शॉट टप्प्याटप्प्याने वाढवायला सांगा, आणि प्रत्येक टप्प्याचा तळ आणि झाकण वेगवेगळे काट्यावर ठेवून वजने वहीत लिहून घ्या. झाकण पूर्ण भरले तेव्हा तळाचे वजन त्याच्या पूर्ण वजनाच्या जवळ आलेले असेल, तर समतोल जमला असे समजावे. तळ बराच मागे असेल, तर रनर दुरुस्त केल्याशिवाय साचा स्वीकारू नका. मशीनच्या सेटिंगने पुढे पाहू, असे कोणी म्हटले तरी नको. लहान भागाच्या रनरचा व्यास सुरुवातीला बारीकच ठेवायला सांगा, कारण स्टील नंतर कापता येते, पण कापलेले स्टील पुन्हा भरायचे झाल्यास वेल्डिंग करावे लागते. आणि ट्रायलला दाणा ८० अंशांवर किमान दोन तास सुकवलेलाच वापरा, नाहीतर पृष्ठभागावर चंदेरी रेघा उमटतील आणि दोष साच्याचा की ओल्या दाण्याचा, हे त्या दिवशी कोणालाच सांगता येणार नाही.

टाकी_नियंत्रक

बटण पोकळ केलेले नवे ड्रॉइंग साचेवाल्यांना आज पाठवले आहे. दोन साच्यांचे दर मागितले आहेत, आणि वजनांची वही ट्रायलला सोबत नेणार आहे.