हरिपाठ ओठांवर आणि भांडण मनात, अशा वेळी काय करावे?

प्रश्न (खानापूर तालुका)

राम कृष्ण हरी. मी शेतकरी आहे. अकरा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून एकादशी मोडलेली नाही आणि सायंकाळचा हरिपाठही सहसा चुकत नाही. माझ्या धाकट्या भावाने दरवर्षी नांगरताना बांधाचा एकेक तास (नांगराची एक चर) आपल्याकडे ओढून घेतला. ज्या बांधावरून पूर्वी दोन माणसे शेजारी शेजारी चालत, तिथे आता पाऊल जपून टाकावे लागते. यंदा भातलावणीच्या दिवशी तो समोर दिसताच माझ्या तोंडून असे शब्द गेले, की चिखलात वाकलेल्या बायका हातातील रोपाची मूठ तशीच धरून उभ्या राहिल्या. त्या रात्री ‘देवाचिये द्वारी’ म्हणताना ओठ अभंग पुढे नेत होते आणि मनात मी भावाशीच भांडत होतो. दिवसभर देवासमोर असल्यासारखे जगावे, असे कीर्तनात ऐकतो. मग आधी मन जिंकावे आणि नंतर देवाच्या दारी जावे, की असे भांडणारे मन घेऊनच जावे?

उत्तर १ (निपाणी)

माउली, भांडणारे मन घेऊनच जावे, असे मी चाळीस वर्षांच्या वारीनंतर ठामपणे सांगतो. गीतेच्या आठव्या अध्यायातील सातव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सर्व काळी माझे स्मरण कर आणि युद्धही कर, असे एका दमात सांगतात. युद्ध आटोपल्यावर स्मरण कर, असे ते म्हणत नाहीत. तुकोबांनीही ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ असे म्हटले आणि त्या युद्धात जगाबरोबर स्वतःच्या मनालाही धरले. १६२९-३० च्या दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बुडाला, अशा माणसाचे ते बोल आहेत.

आता बांधाविषयी. तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा हिस्सा आधी त्यांच्या हाती दिला आणि स्वतःचाच अर्धा पाण्यात सोडला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. जे केवळ आपले आहे तेच सोडता येते. ती जमीन तुमच्या मुलांचीही आहे, म्हणून सरकारी मोजणीसाठी अर्ज करण्यात भक्तीला कोठेही बाध येत नाही, असे माझे मत आहे.

उत्तर २ (हिंदवाडी, बेळगाव)

वरील दादांचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु मोजणीचा अर्ज कोणत्या मनाने लिहिला जातो, तेही पाहावे लागेल. हक्कासाठी लिहिलेला अर्ज आणि भावाला खाली पाहायला लावण्यासाठी लिहिलेला अर्ज यांची अक्षरे सारखीच असतात.

माझ्या माहेरी नामसाधनेची परंपरा आहे आणि आमच्या या भागातच तत्त्वज्ञ आणि साधक गुरुदेव रानडे यांचे मंदिर आहे. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील संतांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी तुकोबांच्या व्याकुळतेचा आणि अंधाराचा काळ साक्षात्काराच्या वाटेवरचाच टप्पा मानला आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्या तीन वर्षांत मला याचा आधार वाटला. रात्री चौथ्यांदा हाक आली, की माझ्या मनात नको ते विचार येत, आणि मग नामाला बसण्याचीही लाज वाटे. पुढे मी एवढेच केले, की चादर बदलताना राग आला तर तो त्याच क्षणी देवाला सांगायचा: देवा, मला आत्ता राग आला आहे. राग गेला नाही. पूर्वी तो दुसऱ्या दिवशी दुपारी ध्यानात येत असे, नंतर चादर हातात असतानाच ध्यानात येऊ लागला. माउली, ओठ अभंग म्हणत आहेत आणि मन भांडते आहे, हे तुम्हाला हरिपाठ चालू असतानाच दिसले. मला तर हेच देवाच्या दारी उभे राहणे वाटते.

उत्तर ३ (अथणी)

माझी मातृभाषा कन्नड आहे, मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे चूकभूल क्षमा करावी. पंढरीचा विठ्ठल आमच्या कन्नड संतकवी पुरंदरदासांचाही आहे. त्यांच्या एका पदात पोहावे, इथेच राहून जिंकावे, असे संसाराविषयी सांगितले आहे, आणि दृष्टांत काजूचा दिला आहे. बी बोंडाला बाहेरून जोडलेली असते आणि नसल्यासारखीही असते. तुमच्या खानापूरकडे काजू पुष्कळ, तेव्हा हे मी समजावून सांगायला नको. पाण्यात पडलेल्या माणसाने आधी कोरडे व्हावे आणि मग पोहावे, असे होत नाही.

प्रश्नकर्ता (खानापूर तालुका)

सर्वांना दंडवत. मोजणीचा अर्ज दोनदा लिहिला. पहिला फाडला, कारण ताईंनी सांगितलेले मन त्यात मला स्पष्ट दिसले. दुसऱ्यात फक्त सर्व्हे क्रमांक आणि मागणी लिहिली आहे. आज सकाळी भाऊ पाणी सोडायला आला होता. मी बोललोच, आवाजही चढला, परंतु तिसऱ्या शब्दाला हात माळेकडे गेला आणि चौथा शब्द तोंडातच राहिला. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभा राहिला आणि मग फावडे उचलून खालच्या वाफ्याकडे गेला.