गोड्या पाण्यातली जुनी जहाजं: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात मिनेसोटातल्या डुलुथला जाऊन आले. लेक सुपिरियरच्या काठावरचं बंदर. तिथे 'विल्यम ए. आयर्विन' ही ६१० फुटी, लोहखनिज वाहणारी बोट १९८६पासून म्युझियम म्हणून उभी आहे. नवरा इंजिन रूममधून हलेना, मी पाहुण्यांच्या केबिनमध्ये अडकले. कंपनीच्या बड्या पाहुण्यांसाठी पुढच्या अंगाला लाकडी तक्तपोशीच्या खोल्या, स्वतंत्र जेवणघर. इंजिन पार मागे. मधल्या लांबलचक डेकवर नुसती झाकणंच झाकणं, त्यांच्याखाली खनिज भरायचं. जहाजालाही वरची आळी-खालची आळी असते, हे तिथे कळलं.

संध्याकाळी तिथल्या लिफ्ट ब्रिजपाशी उभी होते. पूल आख्खाच्या आख्खा सरळ वर गेला, बोटीने तीन लांब नि दोन आखूड भोंगे दिले, पुलाने तसंच उत्तर दिलं. माझी कॉफी सांडली.

तुम्ही अशा कुठल्या गावी गेला असाल तर लिहा. तळ्याकाठचंच हवं, समुद्र नको.

—

ताई, डुलुथपर्यंत गेलात आणि पलीकडे सुपिरियर गावात गेला नाहीत? 'मीटिअर' राहिली की! १८९६ची, जगात उरलेली एकमेव व्हेलबॅक. अलेक्झांडर मॅकडूगल या कप्तानाने पाठ गोल ठेवली, लाटा वरून निघून जाव्यात म्हणून. नाक डुकराच्या मुस्काटासारखं, त्यामुळे लोक 'पिग बोट' म्हणायचे. हिने खनिज, वाळू, मोटारी, शेवटी तेल, सगळं वाहिलं, थेट १९६९पर्यंत. मीठ नसल्याने गोड्या पाण्यात लोखंड हळू गंजतं, म्हणून या तळ्यांतल्या बोटी एवढ्या जगतात. आता ती काठाशी मातीत रुतवून ठेवली आहे. आत रंगाचे पोपडे, अंधार, तेलाचा वास. मला चकचकीत म्युझियमपेक्षा हेच आवडतं.

—

आमची फजिती ऐका. पेनसिल्व्हेनियातल्या एरीला 'नायगारा' हे जुन्या धाटणीचं शिडाचं युद्धजहाज बघायला चार तास गाडी हाकत गेलो. धक्क्यावर जहाजच नाही! ते अजून शिडं लावून हिंडतं, हे निघण्याआधी बघायला हवं होतं. चूक सर्वस्वी माझी, बायकोने ती वर्षभर विसरू दिली नाही.

दुसऱ्या वर्षी फोन करून गेलो. १८१३च्या लेक एरीवरच्या, इंग्रजांशी झालेल्या लढाईत अमेरिकी आरमाराच्या पेरी या अधिकाऱ्याचं पहिलं जहाज निकामी झालं, तेव्हा तो होडीतून 'नायगारा'वर आला आणि लढाई जिंकला. आजचं जहाज १९८८मध्ये नव्याने बांधलेलं. खालच्या मजल्यावर मान वाकवूनच चालायचं. माझी उंची पाच फूट दहा, दोनदा कपाळमोक्ष.

—

मॅनिटोवॉक, विस्कॉन्सिन. 'कोबिया' पाणबुडीत मुलासोबत रात्रभर झोपलो. झोपलो म्हणजे काय, पडून राहिलो. दुसऱ्या महायुद्धात या गावाने २८ पाणबुड्या बांधल्या. नदी अरुंद, म्हणून त्या आडव्या, कुशीवरून पाण्यात ढकलायचे. गंमत म्हणजे कोबिया त्यातली नाहीच, ती कनेटिकटमधली.

—

सू सेंट मरी, मिशिगन. 'व्हॅली कॅम्प' ही १९१७ची मालवाहू बोट म्युझियम आहे. तिच्या पोटात 'एडमंड फिट्झजेराल्ड'च्या दोन जीवरक्षक होड्या ठेवल्या आहेत. फिट्झजेराल्ड ही मालवाहू बोट १० नोव्हेंबर १९७५च्या वादळात लेक सुपिरियरमध्ये बुडाली. २९ माणसं, एकही वाचला नाही. होड्यांचा पत्रा फाटलाय, पिळवटलाय. त्यात कुणी बसलंच नव्हतं असं मानतात. मुलीने विचारलं, मग या कशाला होत्या? मी पाटी वाचल्याचं नाटक केलं.

बाहेर आलो तर शेजारच्या सू लॉक्समधून (पाणी चढवून-उतरवून जहाजं वरखाली करणारे दरवाज्यांचे कप्पे) एक हजारफुटी मालवाहू सावकाश चालली होती. डेकवरचा खलाशी आमच्याकडे बघून हात हलवत होता. मुलीने लगेच हलवला. मी जरा वेळाने.